लोकरीचं सोवळं

ट्रोम्सोच्या कुठल्याही माहितीपत्रकात हिवाळ्यात काय काय करावं याची यादी असते. कुत्र्यांच्या गाडीत बसा, रेनडियरला खाऊ घाला, देवमासे बघा, केबल कारने डोंगरावर जा, रात्री नॉर्दर्न लाइट्सच्या मागे धावा. सगळं खरं आहे. फक्त रोज न चुकता करावा लागणारा, सगळ्यात जास्त वेळ खाणारा आणि ज्याचे वेगळे पैसे पडत नाहीत असा जो कार्यक्रम, तो कुणी छापत नाही. तो म्हणजे कपडे घालणे. त्याचा उत्तरार्ध म्हणजे कपडे काढणे. या दोहोंच्या मध्ये जो काही वेळ उरतो, त्यात कुत्री, हरणं आणि आकाश.

ट्रोम्सो हे नॉर्वेत, आर्क्टिक वृत्ताच्या साधारण ३५० किलोमीटर उत्तरेला, एका बेटावर वसलेलं, पाऊण लाखाच्या आसपास वस्तीचं शहर. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य उगवत नाही. आमची मुग्धा आणि जावई निखिल ओस्लोत नोकरीला. "आई, उन्हाळ्यात सगळेच येतात. तुम्ही जानेवारीत या, आपण वर ट्रोम्सोला जाऊ," असं मुग्धा म्हणाली. हे 'वर' म्हणजे ओस्लोहून विमानाने आणखी जवळजवळ दोन तास. नवऱ्याने त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर बातमी टाकली आणि लगेच सल्ले सुरू झाले. उणे चाळीसमध्ये पापण्या चिकटतात, पाण्याची बाटली फुटते, गुडघे धरतात. शेजारच्या काकूंनी ओव्याची पुरचुंडी आणून दिली.

प्रत्यक्षात ट्रोम्सो गावात जानेवारीचं सरासरी तापमान उणे तीन-चार अंश असतं. अटलांटिकमधून येणारा कोमट पाण्याचा प्रवाह या किनाऱ्याला लागून जातो, त्यामुळे इतक्या उत्तरेला असूनही बंदर गोठत नाही. लडाखमधल्या द्रासला याच्या कितीतरी पट थंडी पडते. उतरल्या उतरल्या नवऱ्याने फोनवर तापमान बघितलं आणि त्याचा चेहराच पडला. "उणे तीन?" तो म्हणाला. "आता मी ग्रुपवर काय टाकू? महाबळेश्वरला वेण्णा लेकवर दवबिंदू गोठतात तेव्हा पेपरात पहिल्या पानावर फोटो येतो, तेवढंच झालं हे." सोसायटीच्या चिटणीसांनी ग्रुपवर नेमकं तेच लिहिलं, शिवाय खाली हसणारी तीन तोंडं.

पण गावातली थंडी आणि गावाबाहेरची थंडी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. सहली सगळ्या गावाबाहेर. आणि म्हणूनच निखिल.

माझ्या आजेसासूबाई सोवळ्यात धाबळी नेसायच्या. लोकर ओवळी होत नाही, सुती वस्त्राला मात्र जरा कुणाचा धक्का लागला की संपलं, असा त्यांचा नियम. निखिल कोथरूडमध्ये वाढलेला, कॉम्प्युटर शिकलेला, देवघराकडे ढुंकूनही न बघणारा मुलगा. पण ट्रोम्सोतल्या भाड्याच्या घरात पाऊल टाकताच त्याने आमच्या बॅगा उघडायला लावल्या आणि आजेसासूबाईंच्या वरताण सोवळं सुरू केलं. सुती ते सगळं बाजूला. जीन्स बाजूला. मी हौसेने घेतलेली सुती पायमोज्यांची अर्धी डझन बाजूला. "आई, सुती कपडा घाम पितो आणि धरून ठेवतो. ओला कपडा अंगाची ऊब ओढून घेतो. लोकर ओली झाली तरी ऊब देते." मग अंगाला चिकटून बारीक लोकर, तिच्यावर जाड लोकर, तिच्यावर वारा अडवणारं जॅकेट. पायांना तोच हिशेब. मोजे दोन, पण बूट घट्ट होता कामा नये, नाहीतर रक्त फिरत नाही आणि बोटं गारठतात. हातात आधी पातळ मोजे, वर जाड. नॉर्वेत लहान मुलांना म्हणे शिकवतात की वाईट हवा असं काही नसतं, वाईट कपडे असतात. निखिल हे वाक्य रोज सकाळी म्हणायचा, आणि कुणी विचारलं नाही तरी संध्याकाळीही.

अडचण आली बनियनची. नवरा मुंजीपासून सुती बनियन घालतो. तो काढून बाहेर पडणं त्याला जमणारच नव्हतं. "अरे, मला उघड्याने फिरल्यासारखं वाटतं," तो म्हणाला, तेही अंगावर तीन स्वेटर असताना. निखिलने त्याला बाष्पीभवन समजावलं. नवऱ्याने निखिलला संस्कार समजावले. शेवटी मुग्धाने तह घडवून आणला: आतून लोकर, लोकरीवर बनियन, बनियनवर लोकर. बनियनला पाऊस दिसणार नाही, घाम दिसणार नाही, काहीच दिसणार नाही. पण तो आहे, एवढं नवऱ्याला पुरलं.

या सोवळ्यात आणखी एक पोटनियम आहे. घाम येऊ द्यायचा नाही. घाम आला की आतली लोकर दमट, मग बाहेर उभं राहिल्यावर हुडहुडी. आता चार माणसं एका घरात एकदम तयार व्हायला लागली की कुणीतरी आधी तयार होणारच. जो आधी तयार होतो तो गरम घरात जाड जॅकेट घालून उभा, म्हणजे त्याला घाम. म्हणून तो चेन उघडतो, टोपी काढतो, हातमोजे कुठेतरी ठेवतो. तोवर दुसरा तयार होतो आणि पहिल्याचे हातमोजे शोधायला लागतो. मग दुसऱ्याला घाम. बँकेत असताना मी मार्चअखेर बघितली आहे, पण चौघांना एका मिनिटात दाराबाहेर काढणं मला एकदाही जमलं नाही. त्यातून कधी जमतंय असं वाटलं, तर घराची किल्ली नवऱ्याच्या सगळ्यात आतल्या पॅंटच्या खिशात असायची.

दाराबाहेर बर्फ. कॅलेंडरवरचा पांढरा भुसभुशीत बर्फ डोंगरावर. गावात मध्येच पाऊस पडतो, मग पुन्हा गोठतं, आणि फुटपाथवर काच पसरते. नगरपालिका तिच्यावर बारीक खडी टाकते. माणसं बुटांखाली रबराचे पट्टे चढवतात, त्यांना लोखंडी खिळे असतात. हे खिळे बर्फावर घट्ट रुततात आणि दुकानातल्या फरशीवर घसरतात, शिवाय फरशी ओरखडते. म्हणून प्रत्येक दुकानाच्या दारात ते काढायचे, बाहेर पडताना पुन्हा चढवायचे. पाच फूट उंची, निवृत्तीनंतरचा घेर आणि वर हे सगळे थर. मला माझा बूट दिसत होता, पण तिथवर हात पोचत नव्हता. नवऱ्याचीही तीच गत. मग आम्ही एकमेकांचे खिळे काढू-घालू लागलो. लग्नानंतर नवऱ्याने माझ्या पायांना हात लावण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तोही भर हमरस्त्यावर, पुतळ्यासमोर.

निखिलची निराळीच तऱ्हा. त्याला जाड भिंगांचा चष्मा आहे. थंडीतून उबेत शिरलं की भिंगांवर वाफ धरते आणि तो दारातच आंधळा होऊन उभा राहतो. चष्मा काढला तर त्याला दहा हातांवरचा माणूस ओळखू येत नाही, न काढला तर मुळीच काही दिसत नाही. हे बारकाईने सांगते आहे, कारण पुढे याचा उपयोग झाला.

कुत्र्यांच्या गाडीसाठी शेजारच्या क्वालोया बेटावर नेतात. तिथे गेल्यावर कळलं, की घरून इतक्या निगुतीने घालून आलेले कपडे ही नुसती प्रस्तावना होती. त्यावर तिथला सूट चढवायचा. मानेपासून घोट्यापर्यंत एकसंध, समोर एकच लांबलचक चेन. हे सूट नॉर्वेजियन उंचीला बेतलेले. उंची विचारून मुलीने मला लहान मुलांच्या खणातला सूट दिला. तो उंचीला बरोब्बर बसला. रुंदीत मात्र मधल्या काळात माझं जे काही झालं आहे त्याची त्याला कल्पना नव्हती. मग बायकांचा सूट दिला. त्यात माझे गुडघे होते तिथे त्याची जांघ आली. तसंच पावलं मोजत गाडीपर्यंत गेले.

निळ्या डोळ्यांची, गुबगुबीत, फोटोतली कुत्री मनात धरून गेलेल्यांची तिथे निराशा होते. गाडीला असतात ती अलास्कन हस्की, काटक, लांब पायांची, मिश्र जातीची. एकाचा कान उभा, एकाचा पडलेला. "हा तर आपल्या गेटवरचा काळू," नवरा म्हणाला. पण निघायच्या आधी त्यांनी जो गलका केला! सगळी एकदम भुंकतायत, हेल काढून रडतायत, जागच्या जागी उड्या मारतायत, गाडी बर्फात रोवलेल्या लोखंडी आकड्याने कशीबशी धरून ठेवलेली. आणि आकडा उपटला त्या क्षणी सगळं चिडीचूप. एक आवाज नाही. नुसती धाप आणि पायांची खसखस. इतका वेळ 'जाऊ द्या, जाऊ द्या' म्हणून रडणाऱ्यांना जाऊ दिल्यावर दुसरं काहीच मागायचं नव्हतं. मी तर त्या शांततेवरच खूश झाले.

तेवढ्यात वास आला. ही कुत्री धावता धावताच सगळं उरकतात. थांबत नाहीत, वेग कमी करत नाहीत, मागचे पाय जरा पसरतात आणि झालं. वारा पुढून मागे येतो, आणि मागे आम्ही बसलेले, रेनडियरच्या कातड्यात गळ्यापर्यंत गुंडाळलेले. नवरा म्हणाला, "शी!" मी मात्र त्यांच्याकडे कौतुकाने बघत होते. ना चेन, ना पट्टा, ना रांग.

देवमाशांबद्दल मी फार लिहिणार नाही. हेरिंग मासे काही वर्षांपूर्वी स्क्येर्व्योच्या बाजूला सरकले, त्यांच्या मागोमाग देवमासेही गेले, म्हणून बोट काही तास उत्तरेला जाते. त्यातला बराचसा वेळ मी कागदी पिशवीत बघत होते. नवऱ्याने एका हंपबॅकची शेपटी बघितली, त्याचा व्हिडिओ आहे, आणि त्यात मागून माझा आवाज येतो. ग्रुपवर टाकू दिलेला नाही.

रेनडियरवाल्यांकडे मात्र मन रमलं. हे सामी लोक, या भागातले मूळ रहिवासी. आमच्या यजमानाने निळा, लाल-पिवळ्या पट्ट्यांचा अंगरखा घातलेला, कमरेला पट्टा, पायात रेनडियरच्या कातड्याचे वर वळलेल्या टोकाचे बूट. आत मोजे? मोजे नाहीत. वाळवलेलं गवत कोंबायचं, बस. ओलं झालं की काढून सुकवायचं. तो शेकोटीजवळून उठला, वरून कातड्याचा डगला घातला आणि दाराबाहेर गेलासुद्धा. मी निखिलकडे बघितलं. निखिलने चष्मा पुसला.

तंबूत रेनडियरचं मटण, बटाटे आणि गाजर यांचा पातळसर रस्सा दिला. मिठापलीकडे त्यात फारसं काही नव्हतं, तरी मी दोनदा घेतला. नवऱ्याने खिशातून लसूण चटणीची डबी काढली तेव्हा मी दुसरीकडे बघितलं. शिंगांची गोष्टही तिथेच कळली. रेनडियरमध्ये मादीलाही शिंगं असतात. नरांची शिंगं माजाचा हंगाम संपला की हिवाळ्यात गळतात, मादीची मात्र वसंतापर्यंत टिकतात, कारण पोटात पिल्लू असतं आणि बर्फ उकरून काढलेला चारा राखायचा असतो. म्हणजे जानेवारीत जी डोक्यावर शिंगं मिरवत आम्हाला ढुशा देत होती, त्या बहुतेक सगळ्या बाया. हे ऐकल्यावर मी माझ्या हातातला सगळा खाऊ शिंगवालीलाच दिला.

मग नवऱ्याने विचारलं, "तुमच्याकडे किती आहेत?" तंबू एकदम गप्प झाला. मुग्धाने डोळे मोठे केले. सामी माणसाला त्याच्याकडे किती रेनडियर आहेत हे विचारायचं नसतं, ते बँकेतली शिल्लक विचारल्यासारखं होतं. उभी हयात काउंटरमागे काढलेल्या माझ्यासमोर हे व्हावं! यजमान मात्र हसला आणि म्हणाला, "झाडाच्या या बाजूला थोडे, त्या बाजूला थोडे." आमच्या शाखेतले काही खातेदार अगदी असंच उत्तर द्यायचे.

आता नॉर्दर्न लाइट्स. किनाऱ्यावर ढग फार, म्हणून बस संध्याकाळी निघते आणि आभाळ मोकळं मिळेपर्यंत आतल्या बाजूला जात राहते. स्किबोत्नच्या खोऱ्यातून वर चढत आमची बस थेट फिनलंडच्या हद्दीत शिरली. फोनमधलं घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं. बाहेर उणे २२. नवऱ्याने काचेला फोन लावून आकड्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. डोंबिवलीत तेव्हा मध्यरात्र उलटलेली, तरी तो उत्तराची वाट बघत बसला.

पण हे पुढचं. त्याआधी वाटेत मला जाऊन येण्याची गरज भासली.

घरी 'जरा जाऊन येते' म्हटलं की होतं. बसमध्ये, पुढच्या सीटवर जावई असताना, ते इतकं सोपं नाही. मी मुग्धाच्या कानात सांगितलं. मुग्धाने निखिलच्या कानात सांगितलं. निखिलने गाईडच्या कानात सांगितलं. गाईड इटलीची, उत्साही मुलगी. तिने माईक उचलला आणि सगळ्या बसला जाहीर केलं, की चौथ्या रांगेतल्या बाईंसाठी आपण पुढच्या पेट्रोल पंपावर थांबत आहोत. बसमधल्या निम्म्या लोकांनी मान वळवून माझ्याकडे कृतज्ञतेने बघितलं. गरज सगळ्यांनाच होती, बोलायला कुणी तयार नव्हतं.

पंपावर एकच संडास. इतरांनी मला पुढे जाऊ दिलं, हे त्यांच्या दृष्टीने फार चुकलं. आत शिरल्यावर पहिला प्रश्न: हातमोजे कुठे ठेवायचे? फरशी ओली, खुंटी एकच आणि तीही नॉर्वेजियन उंचीची. हातमोजे दातांत धरले. मग सूट. एकसंध सूटमध्ये खालचं काही करायचं तर वरून खांदे काढावे लागतात, आणि खांदे काढले की दोन्ही बाह्या मोकळ्या सुटून सरळ फरशीकडे निघतात. त्या पकडून कमरेला गाठ मारली. मग जॅकेट वर खोचलं, ते हनुवटीने दाबलं. हनुवटीखाली जॅकेट आणि दातांत मोजे असले की खाली बघता येत नाही; पुढचं सगळं चाचपून. वाऱ्याची पॅंट. जाड लोकर. बारीक लोकर. खिशातून कसल्यातरी गरम पुड्या टपाटपा पडल्या. लोखंडाची भुकटी असते त्यात, हवा लागली की गरम होते, बोटं शेकायला देतात. यंदा हळदीकुंकवाला हेच वाण लुटावं असं माझ्या मनात आलं, आणि तेवढ्यात दिवा गेला.

तिथले दिवे हालचाल असेल तोवरच जळतात. मला बसल्याजागी क्षणभर निश्चल राहण्याची मुभा हवी होती, ती त्या दिव्याला मान्य नव्हती. हात हलवावा तर एका हातात बाह्यांची गाठ, दुसऱ्यात पॅंटचे तीन कमरपट्टे. मी डोकं हलवलं. दिवा लागला. थांबले, गेला. असं मानेने हो-नाही करत करत मी ते कार्य पार पाडलं. बाहेरून कुणीतरी अत्यंत सभ्यपणे दोनदा दार वाजवलं. मग सगळं उलट्या क्रमाने. सगळे थर जागेवर गेले, चेन वर गेली, आणि तेव्हा लक्षात आलं की बारीक लोकरीचं एक टोक जाड लोकरीच्या बाहेर राहिलंय आणि कमरेत नेमकं तिथूनच वारं जातंय. ते जाऊ दिलं.

बाहेर आले तर रांग दुकानाच्या दाराबाहेर पोचलेली. "आई, सगळं ठीक ना?" निखिलने विचारलं. त्या मुलाचा मनापासूनचा आदर त्या वेळी मला नको झाला होता.

आणि मग फिनलंडच्या त्या ओसाड रस्त्यावर बस थांबली. उत्तरेकडे एक करडा पट्टा होता. मला तो ढगच वाटला. गाईडने कॅमेरा रोखला, पडद्यावर तो पट्टा हिरवागार. अंधारात आपल्या डोळ्यांना रंग नीट दिसत नाहीत, कॅमेरा काही सेकंद उजेड साठवत राहतो म्हणून त्याला दिसतात. नवरा म्हणाला, "म्हणजे फोटोतच छान आहे होय!" तो अजून बसच्या पायरीवर होता, एका हाताचा मोजा सापडत नव्हता म्हणून. सीटखाली फोनच्या उजेडात शोधू लागला, तर बाहेरून चारपाच भाषांत ओरडा झाला की दिवा बंद करा.

आणि मग तो पट्टा हलला. खरोखरच हलला, साध्या डोळ्यांना. एका टोकाकडून हिरवा होत आला, दुमडला, खालच्या कडेला गुलाबी झाला आणि डोक्यावरून पूर्वेला सरकत गेला. मी चेन अर्धी लावलेली तशीच उतरले होते. उणे २२ मध्ये छाती उघडी, टोपी बसमध्ये, निखिल मागून "आई, चेन! आई, टोपी!" करतोय, आणि मी आ वासून वर बघत उभी.

तो हिरवा रंग शंभरएक किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांच्या भोवतालच्या पट्ट्यात उतरतात आणि वरच्या हवेवर आदळतात. हे कसं होत असावं ते क्रिस्तियान बिर्केलँड नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी निर्वात पेटीत चुंबकाचा गोळा टांगून दाखवलं होतं. त्याचं चित्र नॉर्वेच्या आधीच्या २०० क्रोनरच्या नोटेवर होतं. नोटेवर कोण आहे हे मी कुठेही गेले तरी आधी बघते. हल्ली त्या नोटेवर कॉड मासा आहे. नवऱ्याला मोजा सापडला, तोही उतरला, त्याला शेवटचं एक वळण दिसलं. सीटखाली मोजा नव्हताच. तो बाहीत होता.

पोलर म्युझियममध्ये निखिलला नवं बळ मिळालं. दक्षिण ध्रुवावर सगळ्यांत आधी पोचलेल्या रोआल आमुन्सेनचा पुतळा गावात आहेच; १८ जून १९२८ ला तो इथूनच एका हरवलेल्या मोहिमेच्या शोधात विमानाने गेला आणि परत आला नाही. त्याआधी, १९०३ ला निघालेल्या सफरीत त्याचं जहाज कॅनडाच्या उत्तरेला थांबलं असताना, तो तिथल्या मूळ रहिवासी नेत्सिलिक लोकांकडून कातड्याचे सैलसर कपडे घालायला शिकला, आणि ते पुढे दक्षिण ध्रुवावर कामी आले. "बघा आई, सैल! हवा खेळती राहायला हवी." मी मान डोलावली. माझं लक्ष वान्नी वोल्स्ताकडे होतं. ट्रोम्सोत टॅक्सी चालवणारी ही बाई १९३२ मध्ये शिकारीला म्हणून आणखी उत्तरेच्या स्वालबार्ड बेटांवर गेली आणि अख्खा हिवाळा तिथे राहिली. तसं करणारी पहिली बाई शिकारी. बंदूक, झोपडी, अस्वलं, सगळं आहे. पण त्या अंधारात, त्या कपड्यांत, ती जाऊन यायची कशी, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. पुरुषांनीच लिहिलं असणार.

२१ जानेवारीला ट्रोम्सोत सूर्याचा दिवस असतो. सूर्य पंधरा तारखेच्या आसपासच क्षितिजावर येऊ लागतो, पण दक्षिणेला डोंगर, त्यामुळे गावाला तो साधारण या दिवशी दिसतो. बेकरीबाहेर रांगा लागतात, जॅम भरलेले गोल तळलेले पाव खातात. आमच्याकडे संक्रांतीचे तिळाचे लाडू उरले होते, ते मी रांगेत वाटले. तीळ, गूळ, तूप, दाणे, वर काळे कपडे. या हवेसाठी आपल्याकडे सगळं तयार आहे, असं मी म्हटलं, तर नवरा मध्येच म्हणाला की खरं उत्तरायण डिसेंबरातच सुरू होतं. त्याला दुसरा पाव दिला. सूर्य ढगांत होता. तिथल्या लोकांनी तरीही सगळे पाव संपवले.

त्या संध्याकाळी मुग्धाने जाहीर केलं, की बंदरात तरंगता सौना आहे, तिथे जायचं. लाकडं पेटवून तापवलेली खोली, समोर काच, काचेतून पूल आणि पलीकडे १९६५ चं ते पांढरं त्रिकोणी चर्च. घाम निथळेपर्यंत बसायचं, मग बाहेर येऊन समुद्रात उडी मारायची. इतके दिवस ज्या घामाला घरात बंदी होती, तो इथे पैसे देऊन काढायचा होता. आणि पोहण्याच्या कपड्यांत. जावयासमोर.

"मी वरच बसते," मी म्हटलं.

"आई, निखिलला तिथे चष्मा घालता येत नाही," मुग्धा म्हणाली. "त्याला तू आणि खांब सारखेच दिसाल."

हे पटण्यासारखं होतं. डोंबिवलीच्या तलावावर घालते तो गुडघ्यापर्यंतचा पोशाख मी बॅगेत टाकलेलाच होता. सगळे थर एकापाठोपाठ एक उतरवले, त्यांचा ढीग माझ्या कमरेइतका झाला. आत बाकावर पंच्याहत्तरीच्या एक आजी होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, उठल्या, बाहेर गेल्या आणि धपकन आवाज आला. थोड्या वेळाने परत येऊन होत्या तिथे बसल्या. मला एकदम संताप आला. इतका खटाटोप करून आम्ही घराबाहेर पडायचं, आणि ही बाई एका पोशाखात!

मी शिडी धरून उतरले. पाणी चारेक अंशांचं असेल. मानेपर्यंत गेले, तोंडातून एक शब्द निघाला, तो इथे देत नाही. वर आले तर अंगातून वाफा निघत होत्या आणि थंडी म्हणून वाजत नव्हती. वरून बर्फ पडत होतं, ते खांद्यावर पडून विरघळत होतं. आजीही बाहेर आल्या. त्यांचं इंग्रजी माझ्याएवढंच होतं, म्हणजे गप्पांना पुरेसं. लाडवात काय काय होतं हे त्यांना हवं होतं, कारण रांगेत त्यांनाही एक मिळाला होता. मी गुळाबद्दल सांगायला लागले.

तेवढ्यात निखिल धावत आला, हातात माझं जॅकेट. चष्मा नव्हता. त्याने ते मोठ्या काळजीने आजींच्या खांद्यावर पांघरलं आणि म्हणाला, "आई, असं ओलेत्याने उभं राहायचं नाही! आधी लोकर, मग..."

"मी इकडे आहे," मी म्हटलं.

तो दचकला, आजींची माफी मागितली, जॅकेट काढून घेतलं आणि माझ्या दिशेने अंदाजाने पुढे केलं.

"थांब रे जरा," मी म्हटलं. "पाक किती तारी लागतो ते सांगायचं राहिलंय."